पणजोबांच्या पलीकडे : नाशिक जिल्ह्यातल्या घराण्याचा माग कसा काढावा

घराण्याची वंशावळ शोधायची म्हटलं, की नाशिकमध्ये कोणीही एकच उत्तर देतं : रामकुंडावर जा, तिथल्या गुरुजींच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं. ते खरंही आहे. तरी माझं सांगणं असं, की रामकुंडावर सगळ्यात शेवटी जा. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या गाव, जात आणि आडनाव या क्रमानं लावलेल्या असतात. तुमचं मूळ गाव नक्की ठाऊक नसेल आणि आजोबा-पणजोबांची, त्यांच्या भावांची नावं तुमच्या हाताशी नसतील, तर समोर उघडलेल्या पानातलं कुठलंही ‘पाटील’ घराणं तुम्हाला आपलंच वाटेल. चुकीचा पूर्वज एकदा वंशावळीत शिरला, की पुढच्या पिढ्या त्यालाच पाणी देत राहतात.

म्हणून आधी घर, मग जमिनीचे कागद, मग जन्म-मृत्यू आणि शाळेच्या नोंदी, आणि त्यानंतर तीर्थाची वही. या सगळ्या प्रवासात एकच नियम पाळा. कुठलंही नाव लिहिताना ते कुठून मिळालं, कोणी सांगितलं, कोणत्या कागदावर किती तारखेला पाहिलं, हे त्याच ओळीत लिहा. पुरावा नसलेलं नाव पेन्सिलीनं, पुरावा मिळाला की शाईनं. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावली नाही, तर दोन वर्षांनी तुमच्याच वहीतली निम्मी नावं तुम्हाला परकी वाटतील.

वही कशी मांडावी

मोठा वृक्ष काढायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. स्वतःला १ क्रमांक द्या. वडील २, आई ३. मग कोणत्याही व्यक्तीच्या वडिलांचा क्रमांक तिच्या दुप्पट आणि आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. पाच पिढ्या भरल्या की एकूण ३१ माणसं होतात आणि सर्वात वरच्या ओळीत १६. या १६ जणांपैकी तुमचं आडनाव लावणारा बाप-आजाच्या ओळीतला पुरुष एकच असतो. बाकीच्या १५ जणांना आपण सहसा ‘आजोळचे’ म्हणून सोडून देतो. हा क्रम वापरला की रिकाम्या जागा डोळ्यांत खुपू लागतात, आणि त्यातल्या बहुतेक जागा बायकांच्या असतात. त्या भरणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम आहे.

भाऊ-बहिणी, चुलते, दत्तक गेलेले, लहानपणी गेलेले यांच्यासाठी प्रत्येक जोडप्याचं एक स्वतंत्र पान ठेवा. संगणकावर करायचं असेल तर ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. पण वहीही हवीच, कारण खेड्यातल्या ओट्यावर बसून लिहायला वहीच बरी पडते.

आधी माणसं, मग कागद

घरातल्या सर्वात वयस्क माणसाकडे याच आठवड्यात जा. कागद दहा वर्षांनीही सापडेल, माणूस सापडणार नाही. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करा, पण आधी विचारून. ‘आपले पूर्वज कोण?’ असा प्रश्न विचारला की उत्तर येतं, ‘काय माहीत बाबा, आपण मूळचे राजस्थानातले म्हणतात.’ त्यापेक्षा कुटुंबाच्या व्यवहारातले प्रश्न विचारा.

आपण सुतक कोणाकोणाचं धरतो? या एका प्रश्नात सगळी भाऊबंदकी बाहेर येते. ज्या घरातलं कोणी गेलं तर आपण दहा दिवस धरतो, ते घर मागं कुठंतरी एका बापाचं असतं, मग आज ते सिन्नरला असो की सटाण्याला. आपलं देवक काय? लग्नात पाचपालवी पुजतात की आणखी काही? कुलदैवत कुठलं, आणि जेजुरीला किंवा वणीच्या सप्तशृंगीला जायच्या आधी वाटेतल्या कोणत्या गावी नारळ ठेवायची चाल होती? ते वाटेतलं गाव पुष्कळदा जुनं मूळ गाव निघतं. गावच्या जत्रेत, पोळ्याला मान कोणाच्या घराचा? आजीचं माहेर कुठलं, तिच्या आईचं कुठलं, लग्नात मामा म्हणून कोण उभा होता?

देवघरातले टाक खाली काढून पाहा. त्यात देवांबरोबर वीराचे टाक असतात, ते घरातल्या कुणा पूर्वजाचे. नाशिकमध्ये धुळवडीला हे टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, कापडात गुंडाळून वाजतगाजत गोदावरीवर न्हायला नेतात. तुमच्या घरात ही चाल असेल, तर तो वीर कोण, कसा गेला, त्याचा मान आज कोणत्या भावकीकडे आहे, हे त्या दिवशी विचारा. इतर दिवशी ज्यांना काही आठवत नाही त्यांना त्या दिवशी आठवतं.

श्राद्धाला बसणाऱ्या माणसालाही विचारा. तर्पणात बाप, आजा, पणजा, त्यांच्या बायका, आणि आईकडचे तीन पुरुष अशी नावं घ्यावी लागतात. ज्या घरात हे नेमानं होतं तिथं आईच्या आजाचं नाव कोणाच्या तरी तोंडी असतं, नाहीतर पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं असतं.

म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाहीत, प्रसंग आठवतात. म्हणून प्रसंगांची यादी सोबत ठेवा : १८९६ पासून पसरलेला प्लेग, संवत १९५६ चा म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ, १९१८ ची मानमोडी अर्थात इन्फ्लुएंझाची साथ, २ मार्च १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह, १९६९ चा गोदावरीचा महापूर, १९७२ चा दुष्काळ. ‘पूर आला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? कडेवर कोण होतं?’ असं विचारलं की वर्ष आपोआप बांधलं जातं.

मालेगाव, बागलाणकडच्या आजी अहिराणीत बोलत असतील तर त्यांना प्रमाण मराठीत वळवू नका. नात्याचे शब्द जसे येतील तसे लिहून घ्या.

फोटोंच्या मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं. जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका. लग्नपत्रिका गोळा करा. ‘आपले नम्र’ आणि ‘निमंत्रक’ यांखालची नावं म्हणजे त्या वर्षी हयात असलेल्या भावकीची यादीच असते, आणि आत्यांची सासरची नावं तिथंच एकत्र सापडतात.

आणखी एक जागा बहुतेक जण विसरतात. तुमच्या चुलत घराण्यात कोणाची जात पडताळणी झाली असेल, तर त्या फायलीत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ जोडलेली असते आणि तिला आधार देणारे जुने दाखलेही. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांपूर्वीचे पुरावे लागतात. ते कुणीतरी हेलपाटे घालून मिळवलेले असतात. त्या भावाकडे चहाला जा आणि फाईल मागा.

सातबारा मागं मागं वाचत जाणं

शेतकरी घराण्यासाठी याहून चांगला मार्ग नाही. आजचा सातबारा घ्या. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. मालकाच्या नावाजवळ फेरफार क्रमांक दिसतो. त्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, काढा. ती वारसाची असेल तर त्यात कोण कधी मयत झाला, मागं कोण वारस राहिले, त्यांची वयं काय, हे लिहिलेलं असतं. त्या मयताच्या नावावर जमीन कोणत्या फेरफारानं आली, तो क्रमांक त्याआधीच्या सातबाऱ्यावर. असं एकेक पाऊल मागं जायचं. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर कंस केलेलं नाव म्हणजे हक्क संपलेला माणूस. आपल्याला नेमकी तीच कंसातली नावं हवी असतात.

नाशिक जिल्ह्याचे जुने सातबारे, फेरफार, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) यांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आहेत. नोंदणी करून तालुका, गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर टाकून शोधायचं. इथं एक अडचण येते. एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजचा गट जुन्या काळात कोणत्या सर्व्हे नंबरात होता हे आधी कळायला हवं. तलाठ्याकडं किंवा भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा तक्ता असतो, तो पाहा. ऑनलाइन न मिळालेलं पान तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागायचं : साधा अर्ज, कोर्ट फी तिकीट, गाव, नमुना, क्रमांक, अंदाजे साल. अर्जात ‘जुने सर्व रेकॉर्ड द्यावे’ असं लिहू नका. ‘मौजे अमुक, फेरफार क्र. अमुक, सन १९३० ते १९५० दरम्यान’ असं लिहिलंत तर कारकुनाला शोधता येतं. पोच घ्या. नोंदच नाही असं सांगितलं गेलं तर तेही लेखी मागा. गरज पडली तर माहितीचा अधिकार आहेच.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला, त्यामुळे फेरफारांची साखळी साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जाऊन थांबते. त्याच्या मागं जायचं तर भूमी अभिलेखकडची मोजणीची कागदपत्रं : टिपण, शेतवार पत्रक, सूड. नाशिक भागातली पहिली ब्रिटिश मोजणी १८४० च्या दशकातली. अर्थात इतकं मागं सलग जाणं सगळ्यांना जमत नाही.

फेरफार वाचताना काही शब्द ओळखीचे हवेत. ‘राघो बिन विठोजी’ म्हणजे विठोजीचा मुलगा राघो. ‘वलद’चाही अर्थ तोच. ‘सखू कोम राघो’ किंवा ‘सखू भ्रतार राघो’ म्हणजे राघोची बायको सखू. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता : मूल लहान असताना बाप गेला, आणि आई किंवा चुलता पालक राहिला. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. इथं सांभाळून. कर्त्याचं एकट्याचं नाव दिसलं म्हणून त्याला भाऊ नव्हते असं समजू नका.

सर्वात मोठा धोका नावांच्या पुनरावृत्तीचा. आपल्याकडं नातवाला आज्याचं नाव देतात. त्यामुळे राघो बिन विठोबा, मग विठोबा बिन राघो, मग पुन्हा राघो बिन विठोबा अशी माळ तयार होते, आणि दोन राघोंना एक समजून मधल्या दोन पिढ्या गळून पडतात. पिढीमागं साधारण २५ ते ३० वर्षं धरून ताळा घ्या. मुलाच्या जन्मावेळी बाप नव्वदीचा निघाला, तर मधे कोणीतरी हरवलेलं आहे.

बायकांची नावं शोधायला हेच फेरफार कामी येतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींची नावं येऊ लागली. पुष्कळदा ती मालकाच्या रकान्यात नसतात, ‘इतर हक्क’मध्ये असतात, सासरच्या गावासकट. आजीच्या माहेरच्या गावाला जा, तिच्या वडिलांच्या नावाचा वारस फेरफार काढा. तिथं आजी तिच्या भावा-बहिणींसह उभी असते, आणि बहुधा तिच्या आईचं नावही मिळतं. हक्कसोड पत्रात तर आत्या-मावश्यांच्या सह्या-अंगठ्यांसह सगळी यादी असते. जमीन सोडताना तरी त्यांचं नाव पूर्ण लिहिलं गेलं, हे वाचताना जड जातं. पण लिहिलं गेलं आहे, म्हणून ते उचला आणि वंशावळीत त्यांच्या जागी ठेवा.

घराण्याकडं स्वतःची जमीन नव्हती, तरी वाट बंद होत नाही. १९४८ च्या कुळकायद्यामुळे कसणाऱ्या कुळांची नावं नोंदींत आली, आणि १ एप्रिल १९५७ नंतरच्या ‘कलम ३२ ग’च्या आदेशांत कूळ कोण, किती वर्षांपासून कसत होतं, हे येतं. दारणा, गंगापूर अशा धरणांसाठी जमिनी गेल्या असतील, तर भूसंपादनाच्या निवाड्यात हिस्सेदारांची नावं असतात. बलुतं आणि वतनं असलेल्या घराण्यांसाठी वतनाचे कागद पाहा : पाटीलकी, कुलकर्ण, महारवतन. १८७४ च्या वतन कायद्यामुळे वतनदारांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, आणि १९५० च्या दशकापासून वतनं रद्द होताना पुन्हा चौकशा झाल्या. शहरातल्या घरासाठी सातबाऱ्याच्या जागी नगर भूमापन कार्यालयाचं मालमत्ता पत्रक. वाटणीपत्र, गहाणखत, खरेदीखत यांचा शोध दुय्यम निबंधकाकडं सूचीवरून घेता येतो.

कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर

गावातला जन्म-मृत्यू पूर्वी गाव नमुना १४ मध्ये लिहिला जाई. त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. तारीख, बापाचं नाव, जात, मृत्यूचं कारण अशा नोंदी त्यात मिळतात. बाळाचं बारसं झालेलं नसल्यानं जन्माच्या नोंदीत नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं, म्हणून बापाच्या नावावरून शोधायचं आणि भावंडांची क्रमवारी लावून ताळा घ्यायचा. एकाच आठवड्यात एकाच घरातले तीन-चार मृत्यू दिसले तर साथीचं वर्ष तपासा. १९१८ च्या पानांवर हे वारंवार दिसतं.

मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत ही जुनी बुकं उघडली गेली, मोडी जाणकारांकडून वाचून घेतली गेली. त्यामुळे कार्यालयातल्या माणसांना आता कोणतं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे याची पूर्वीपेक्षा चांगली कल्पना आहे. तुमची जात कुठलीही असो, याचा फायदा घ्या.

शाळेचं जनरल रजिस्टर हा तर हमखास पुरावा. मूळ गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि नुसता दाखला न मागता रजिस्टरमधला उतारा मागा. त्यात जन्मस्थळ, जात, पालकाचा धंदा, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारणही असतं. जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर विसंबू नका. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली ती तारीख आहे. चुलत आजोबांचे, आत्याआजींचेही उतारे काढा. एका भावाच्या नोंदीत नसलेली गोष्ट दुसऱ्याच्या नोंदीत असते.

जनगणनेचे घरोघरचे तक्ते पाहायला मिळतील अशी आशा धरू नका. आपल्याकडं ते कायद्यानं गोपनीय आहेत.

जिल्हा पूर्वी असा नव्हता

नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरी, येवला, चांदवड हा भाग अहमदनगरकडं, तर मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशाकडं होता. म्हणून बागलाणातल्या घराण्याचे १८६९ पूर्वीचे कागद धुळ्याच्या बाजूला निघाले तर नवल मानू नका. मोगलाईतल्या कागदांत शहराचं नाव गुलशनाबाद असं येतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकवरचा सोळावा खंड १८८३ चा आहे. त्यात तालुके, जाती, बाजारगावं, रस्ते यांची माहिती इतकी दाट आहे, की आपले लोक कुठून कुठं का सरकले असतील याचा अंदाज येतो. तो शासनानं इंटरनेटवर ठेवला आहे.

१८४० पासून चालत आलेलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय सोडू नका. छापील कुलवृत्तांत, ज्ञातींची मासिकं, जुनी वर्तमानपत्रं यांची चौकशी तिथं करावी. कुलवृत्तांत मात्र विश्वासानं उतरवू नका. पुराणातल्या ऋषीपासून किंवा चितोडपासून ओढत आणलेल्या पिढ्या सोडून द्या आणि ज्या पिढीपासून गाव, साल, कागद यांचा उल्लेख येतो तिथून वाचा.

वतनदार, इनामदार, देशमुख घराण्यांनी पुढं पुण्याच्या पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि आपल्याला जवळचं म्हणजे धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इथं जावं. बाकीच्यांनी आधी वरची सगळी कामं उरकावीत. पेशवे दफ्तरात नुसतं आडनाव घेऊन गेलात तर हाती काही लागत नाही.

आदिवासी घराण्यांसाठी मार्ग थोडा वेगळा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण भागातल्या कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल कुटुंबांत कागद कमी आणि तोंडी परंपरा जास्त. कुळं, कुळांचे देव, मृतांच्या नावानं उभे केलेले वीर, आणि मृत्यूच्या विधीत घेतली जाणारी नावं हाच तिथला दफ्तरखाना आहे. त्या विधीला हजर राहून, परवानगी घेऊन नोंद करा. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरं. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेलं शरणपूर हे त्यातलं जुनं ठिकाण. मुस्लिम घराण्यांनी काझींकडची निकाहाची रजिस्टरं पाहावीत. मालेगावच्या कितीतरी विणकर कुटुंबांचे धागे उत्तर हिंदुस्थानात जातात, म्हणून तिथल्या गावाचं नाव विसरलं जाण्याआधी लिहून ठेवा.

मोडी आणि तारखा

एकोणिसाव्या शतकाच्या मागं जायचं तर मोडीला पर्याय नाही. भिऊ नका. आधी रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहिलेलं असतं, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, एवढं डोक्यात ठेवा. सगळं पान वाचायच्या मागं लागण्याआधी स्वतःचं आडनाव, गाव, तालुका, आणि ‘बिन’, ‘मौजे’, ‘मयत’, ‘पैकी’ एवढे शब्द शंभर वेळा मोडीत लिहा. हात वळला की डोळा आपोआप ओळखतो. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग होतात. तिथं नाव घाला. जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतलंत तरी मूळ पानाचा फोटो सोबत ठेवा आणि त्याला ‘हे नाव नक्की की अंदाज?’ असं प्रत्येक नावाबद्दल विचारा.

तारखांसाठी एवढं पुरतं. शकात ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनात इसवी साल बदललेलं असेल तर ७९. फसली सनात ५९० किंवा ५९१. पेशवाईच्या कागदांतला सुहूर सन शब्दांत लिहिलेला असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा. ‘सन समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार मिळून १२१८, अर्थात इसवी सन १८१७-१८. एक इहिदे, दोन इसने, तीन सलास, चार अर्बा, पाच खमस, सहा सीत, सात सबा, आठ समान, नऊ तिसा : ही यादी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा.

आता रामकुंड

हाती मूळ गाव, तालुका, जात, आडनाव, उपनाव आणि किमान तीन पिढ्यांची भावंडांसकट नावं आली, की पंचवटीत जा. पितृपक्ष, अमावास्या, आणि २०२७ च्या सिंहस्थातली स्नानाची गर्दी टाळा. त्या दिवसांत गुरुजींना डोकं वर काढायला फुरसत नसते. ‘अमुक तालुक्यातल्या अमुक गावचे, अमुक ज्ञातीचे क्षेत्रोपाध्ये कोण?’ असं विचारलं की तुम्हाला योग्य घरी पाठवतात. गावं आणि आडनावं उपाध्यायांच्या घराण्यांत वाटलेली असतात. तिथं न मिळालं तर त्र्यंबकेश्वरी विचारा, तिथल्या पुरोहितांकडंही अशाच वह्या आहेत.

वहीत काय असतं? कोण आलं, कोणाच्या अस्थी घेऊन किंवा कोणत्या सिंहस्थाला आलं, सोबत कोण होतं, बाप-आजा-पणजा, भाऊ, मुलं, आणि खाली सही किंवा निशाणी. पणज्याच्या हातची सही पाहायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. पण त्या भारावलेपणातही ताळा घ्या. गाव जुळतं का? भावांची नावं फेरफारातल्या नावांशी जुळतात का? किमान दोन पिढ्या आणि एक भाऊ जुळला तरच ते पान आपलं माना. या नोंदी आलेल्या यात्रेकरूनं सांगितल्या तशा लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्याला न आठवलेला भाऊ तिथं नसतो.

फोटो काढण्याआधी विचारा. वह्या त्यांच्या घराण्याची ठेव आहे. कोणी नाही म्हटलं तर समोर बसून उतरवून घ्या. दक्षिणा मनापासून द्या, घासाघीस करू नका. कित्येक पिढ्या ही बाडं वाळवी आणि पुरापासून त्यांनी राखली आहेत. आणि उठण्याआधी आपली नोंद घाला. त्यात बायकोचं नाव माहेरच्या आडनावासह, आईचं माहेर, मुलींची नावं मुलांच्या बरोबरीनं लिहायला सांगा. गुरुजी विचारतील, ‘मुलींची कशाला?’ तरी आग्रह धरा.

जे सापडेल त्याचं काय करायचं

शोधात दत्तक, दुसरी बायको, पाटाची बायको, जमिनीवरून झालेले दावे, जातीसाठी वापरलेले टोचणारे शब्द, हे सगळं निघेल. कागदात आहे ते जसंच्या तसं टिपून ठेवा, पण हयात माणसांना दुखावणारं काही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी त्या माणसाला एकट्यात भेटून सांगा. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, आधार, गट नंबर कुठल्याही सार्वजनिक वंशवृक्षात घालू नका. डीएनए चाचण्यांवर पैसे घालवायची घाई नको. त्या पणजीचं नाव सांगत नाहीत.

प्रत्येक कागदाचा स्कॅन करून फाईलला साल, गाव, नमुना आणि व्यक्तीचा क्रमांक असं नाव द्या, उदाहरणार्थ ‘१९३४-ओझर-फेरफार-८’. तीन प्रती करा. एक तुमच्याकडं, एक मूळ गावच्या भावकीत, आणि एक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीकडं किंवा आत्याकडं. दरवर्षी पितृपक्षात किंवा गावच्या जत्रेला सगळे जमतात तेव्हा वही बाहेर काढा, पेन्सिलीतली नावं मोठ्यानं वाचा आणि त्यातलं कोणतं शाईत न्यायचं ते तिथंच ठरवा.